किंग्जली डेव्हिस : लोकसंख्या, कुटुंब आणि नागरीकरण यांचा समाजशास्त्रीय अभ्यास

सारांश

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस (१९०८–१९९७) यांनी लोकसंख्याबदल, कुटुंबरचना आणि नागरीकरण या तीन विषयांवर सुमारे पाच दशके संशोधन केले. भारतीय उपखंडाच्या लोकसंख्येवरील त्यांचा १९५१ सालचा ग्रंथ या क्षेत्रातील मूलभूत अभ्यास मानला जातो. लोकसंख्येचा प्रश्न हा मुळात कुटुंबसंस्थेचा प्रश्न आहे, हे त्यांच्या संपूर्ण लेखनाचे सूत्र होय. प्रस्तुत लेखात या सूत्राचा विकास, भारत व महाराष्ट्राच्या संदर्भात त्याची उपयुक्तता आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

१. प्रस्तावना

लोकसंख्येचा विचार आपल्याकडे बहुधा आकड्यांच्या भाषेत केला जातो. जनगणनेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले की वाढीचा दर, घनता, साक्षरता यांचे तक्ते तयार होतात आणि त्यावरून धोरणाची चर्चा सुरू होते. परंतु जन्म ही घटना तक्त्यात घडत नाही, ती घरात घडते. विवाह कोणत्या वयात व्हावा, वारसा कोणाकडे जावा, मुलगा नसल्यास पुढे काय, म्हातारपणी आधार कोणाचा, अशा प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाजाची कुटुंबसंस्था देत असते आणि त्या उत्तरांतूनच जननदर ठरतो. हे म्हणणे आज सर्वमान्य वाटेल. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र लोकसंख्याशास्त्र प्रामुख्याने सांख्यिकीच्या आणि कुटुंबनियोजन प्रामुख्याने वैद्यकाच्या हाती होते. त्या काळात ही भूमिका सातत्याने मांडणाऱ्या अभ्यासकांत डेव्हिस यांचे स्थान अग्रगण्य आहे. 'लोकसंख्येचा विस्फोट' आणि 'शून्य लोकसंख्यावाढ' हे शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेयही सामान्यतः त्यांना दिले जाते. मात्र या शब्दप्रयोगांच्या प्रसिद्धीमुळे त्यांच्या विचारातील अधिक महत्त्वाचा भाग काहीसा झाकोळला गेला आहे.

२. जडणघडण : आप्तसंबंधांपासून लोकसंख्येकडे

डेव्हिस यांचा जन्म १९०८ साली टेक्सास राज्यात झाला. टेक्सास विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण घेतल्यानंतर ते हार्वर्ड विद्यापीठात समाजशास्त्राकडे वळले. पिटिरिम सोरोकिन, टॅलकॉट पार्सन्स आणि मानवशास्त्रज्ञ लॉइड वॉर्नर यांच्या सहवासात त्यांची वैचारिक घडण झाली. १९३६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आप्तसंबंधांचे समाजशास्त्रीय विश्लेषण हा होता. पुढील कारकिर्दीच्या दृष्टीने ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे, कारण डेव्हिस लोकसंख्येकडे गणिताच्या वाटेने न येता विवाह, वारसा व नातेव्यवस्था यांच्या अभ्यासातून आले. १९४१ साली त्यांनी जातिबद्ध समाजांतील आंतरविवाहावर लिहिलेला निबंधही याच आस्थेचा भाग होय.

१९४२ साली ते प्रिन्स्टन विद्यापीठात रुजू झाले. तेथील लोकसंख्या संशोधन कार्यालय फ्रँक नोटस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली जगभरच्या लोकसंख्येचा अभ्यास करीत होते. १९४५ साली डेव्हिस यांनी जागतिक लोकसंख्या संक्रमणावर लेख लिहिला. त्याच वर्षी विल्बर्ट मूर यांच्यासमवेत त्यांनी सामाजिक स्तरीकरणाचा प्रकार्यवादी सिद्धान्त मांडला. समाजशास्त्राच्या वर्गात डेव्हिस यांचे नाव आजही मुख्यतः या सिद्धान्तासंदर्भात आणि त्यावर मेल्विन ट्यूमिन यांनी १९५३ साली घेतलेल्या आक्षेपांसंदर्भात शिकविले जाते. पुढे कोलंबिया विद्यापीठात आणि १९५५ पासून सुमारे दोन दशके बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. अमेरिकन समाजशास्त्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी १९५९ साली भूषविले. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते पहिले समाजशास्त्रज्ञ होत.

३. भारतीय उपखंडाचा अभ्यास

'भारत आणि पाकिस्तानची लोकसंख्या' हा डेव्हिस यांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. १८७१ ते १९४१ या काळातील जनगणनांच्या आधारे त्यांनी जन्म, मृत्यू, स्थलांतर, जात, धर्म, शिक्षण आणि नागरीकरण यांचा एकत्रित आलेख मांडला. या सात दशकांत उपखंडाच्या लोकसंख्यावाढीचा सरासरी वार्षिक दर एक टक्क्याहून कमी होता, ही त्यातील एक महत्त्वाची नोंद. भारताची लोकसंख्या पूर्वापार भरमसाठ वाढत आली आहे, या समजुतीला त्यामुळे धक्का बसतो. वाढ मंद होती याचे कारण जन्म कमी होते हे नसून मृत्यू प्रचंड होते, हे होय. दुष्काळ, प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांनी वाढीची शिल्लक पुनःपुन्हा पुसून टाकली. आजच्या भारताच्या क्षेत्रापुरते पाहिले तर १९११ साली २५.२१ कोटी असलेली लोकसंख्या १९२१ साली २५.१३ कोटींवर आली. १९११–२१ या दशकातील सरासरी आयुर्मान डेव्हिस यांच्या अनुमानानुसार जेमतेम २० वर्षांचे होते.

१९२१ नंतर चित्र पालटले. मृत्युदर घटू लागला, जननदर मात्र फारसा हलला नाही. १९५१ साली लोकसंख्या ३६.११ कोटी झाली. मृत्युदरातील ही घट कशी घडून येते, याचे विवेचन डेव्हिस यांनी १९५६ सालच्या एका लेखात केले. युरोपात मृत्युदर घटला तो आर्थिक विकासाबरोबर, हळूहळू. अविकसित देशांत तो कीटकनाशके, लसी आणि प्रतिजैविके यांच्या आयातीमुळे, आर्थिक विकासाची वाट न पाहता घटला. सिलोनमध्ये १९४६ साली दर हजारी २० च्या आसपास असलेला मृत्युदर १९४७ साली १४ च्या आसपास आला. मृत्यूवरील नियंत्रण बाहेरून आणता येते, जन्मावरील नियंत्रणासाठी मात्र घरातील निर्णय बदलावे लागतात, हा या विवेचनाचा गाभा आहे.

४. कुटुंबरचना आणि जननदर

घरातील हे निर्णय कसे घडतात, याची शास्त्रशुद्ध चौकट डेव्हिस यांनी ज्युडिथ ब्लेक यांच्यासमवेत १९५६ साली मांडली. कोणताही सामाजिक घटक, मग तो जात असो, शिक्षण असो वा दारिद्र्य, जननदरावर थेट परिणाम करू शकत नाही. तो परिणाम काही ठरावीक मध्यस्थ चलांच्या द्वारेच होतो. त्यांनी अशी अकरा चले सांगितली व त्यांचे तीन गट केले : शरीरसंबंधाशी निगडित, गर्भधारणेशी निगडित आणि गर्भावस्था व प्रसूतीशी निगडित. विवाहाचे वय, आजन्म अविवाहित राहण्याचे प्रमाण, वैधव्यामुळे वाया जाणारा जननकाळ, ऐच्छिक संयम, संततिनियमन, गर्भपात इत्यादींचा त्यात समावेश होतो.

या चौकटीतून पाहिल्यास भारतीय समाजाची एक विसंगती स्पष्ट होते. बालविवाह आणि सार्वत्रिक विवाह यांमुळे जननदर वाढत होता, तर उच्चवर्णीयांतील विधवाविवाहबंदीमुळे तो काही प्रमाणात रोखला जात होता. यांपैकी कोणतीही रूढी लोकसंख्येचा विचार करून निर्माण झालेली नव्हती. स्त्रीच्या विवाहावर व वैधव्यावर कुळाचे नियंत्रण असावे, हा त्यांचा हेतू होता आणि जननदरावरील परिणाम हा त्याचा अनुषंग होता. महाराष्ट्रातील विधवाविवाहाची चळवळ आणि संमतिवयाचा वाद यांकडे या दृष्टीने पाहिल्यास सामाजिक सुधारणेचा इतिहास आणि लोकसंख्येचा इतिहास हे परस्परांत गुंतलेले आढळतात. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांना झालेला विरोधही केवळ साधनांना नव्हता. स्त्रीच्या शरीरावर अधिकार कोणाचा, हा त्या विरोधामागील खरा प्रश्न होता.

५. बदल आणि प्रतिसाद

डेव्हिस यांचा सर्वांत मौलिक सिद्धान्त १९६३ साली लोकसंख्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणातून पुढे आला. मृत्युदर घटून अधिक मुले जगू लागली की कुटुंबावर ताण येतो. या ताणाला कुटुंब एकाच मार्गाने उत्तर देत नाही. उपलब्ध असलेले अनेक मार्ग ते एकाच वेळी वापरते. विवाह लांबविणे, अविवाहित राहणे, गर्भपात, संततिनियमन, गावाकडून शहराकडे आणि देशाबाहेर स्थलांतर हे सर्व या बहुविध प्रतिसादाचे भाग आहेत. जपानमध्ये १९४८ साली गर्भपातास कायदेशीर वाट मिळाली आणि दर हजारी जन्मदर १९४७ मधील ३४.३ वरून १९५७ मध्ये १७.२ वर आला. आयर्लंडमध्ये उशिरा विवाह, अविवाहितांचे मोठे प्रमाण आणि परदेशगमन यांनी तेच कार्य केले.

या सिद्धान्तातील दुसरा मुद्दा प्रेरणेचा आहे. उपासमारीच्या भीतीने माणसे मुले कमी करतात, असे डेव्हिस मानत नाहीत. समृद्धी वाढत असताना इतरांच्या तुलनेत आपण मागे पडू नये, मिळालेली संधी अधिक मुलांमुळे हातची जाऊ नये, ही जाणीव त्यांच्या मते अधिक प्रभावी ठरते.

डेव्हिस यांच्या विवेचनात कोकणचा उल्लेख नाही, परंतु मराठी वाचकास हा सिद्धान्त कोकणच्या उदाहरणाने सहज उमगतो. रत्नागिरी जिल्ह्यातील तुटपुंजी शेती भावाभावांत वाटली जाण्याऐवजी घरातील एखादा तरुण मुंबईच्या गिरणीत जाई, त्याची पत्नी व मुले गावी राहत आणि घर मनिऑर्डरीवर चाले. हा कुटुंबाचाच प्रतिसाद होता. स्थलांतर करणारा एक असला तरी निर्णय घराचा होता. अशा असंख्य घरांच्या निर्णयांतून मुंबई वाढली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील चार पंचमांशांहून अधिक लोक शहराबाहेर जन्मलेले आढळले, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर कळतो.

६. नागरीकरणाचा अभ्यास

बर्कली येथे डेव्हिस यांनी लोकसंख्या व नागरी संशोधनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारले. तेथे जगातील शहरांची तुलनायोग्य आकडेवारी प्रथमच व्यवस्थितपणे संकलित झाली आणि १९५० ते १९७० या काळातील जागतिक नागरीकरणावरील दोन खंड १९६९ व १९७२ साली प्रसिद्ध झाले. १९६५ सालच्या एका लेखात त्यांनी एक मूलभूत भेद स्पष्ट केला. नागरीकरण म्हणजे एकूण लोकसंख्येतील शहरी लोकसंख्येचे प्रमाण. शहरांची वाढ ही निराळी गोष्ट आहे. प्रमाणाला शंभर टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे नागरीकरण केव्हातरी थांबतेच. शहरांच्या आकारवाढीला अशी अंगभूत मर्यादा नाही.

या भेदाचा पुढचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शहरांत मृत्यू अधिक असल्याने ती खेड्यांतून येणाऱ्या लोकांवर वाढली आणि खेडी ओस पडत गेली. विकसनशील देशांत मात्र शहरांची वाढ मोठ्या प्रमाणात शहरांतील नैसर्गिक वाढीमुळे होते आणि त्याच वेळी खेड्यांतील लोकसंख्याही वाढत राहते. म्हणून शहरातील गर्दीचा दोष केवळ बाहेरून येणाऱ्यांवर ठेवणे शास्त्रीयदृष्ट्या अपुरे ठरते. महाराष्ट्रात २०११ साली ४५.२ टक्के लोकसंख्या नागरी होती. अशा राज्यात हा मुद्दा अध्यापनातही आणि सार्वजनिक चर्चेतही आवर्जून मांडला जाण्याची गरज आहे.

याच क्षेत्रात डेव्हिस यांचे एक भाकीत मात्र साफ चुकले. भारतातील सर्वांत मोठे शहर, म्हणजे त्यांच्या मते कलकत्ता, २००० सालापर्यंत ३.६ ते ६.६ कोटी लोकसंख्येचे होईल, असे अनुमान त्यांनी साठच्या दशकाच्या आरंभी केले होते. २००१ साली कोलकाता नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे १.३२ कोटी आणि बृहन्मुंबई नागरी समूहाची सुमारे १.६४ कोटी होती. देशाचे नागरीकरणही १९५१ मधील १७.३ टक्क्यांवरून २००१ पर्यंत २७.८ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. कुटुंबांचे प्रतिसाद अनेकविध असतात, हा स्वतःचाच सिद्धान्त या अनुमानात पुरेसा वापरला गेला नाही, असे म्हणता येईल. मोठे शहर परवडेनासे झाले की माणसे मध्यम शहराकडे वळतात किंवा गावी राहून रोज ये-जा करतात. जुन्या वाढीचा दर पुढे ताणला असता हे वळण त्यात दिसत नाही.

७. कुटुंबनियोजनावरील आक्षेप

भारताने १९५२ साली शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला आणि १९६५ पासून लूपचा मोठा प्रसार केला. या प्रकारच्या कार्यक्रमांवर डेव्हिस यांनी १९६७ साली कठोर टीका केली. जोडप्याला हवी तेवढी मुले हव्या त्या वेळी व्हावीत, एवढेच कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट असते. परंतु जोडप्याला चार मुले हवी असतील तर साधने कितीही वाटली तरी लोकसंख्या वाढतच राहील. साधनांचा पुरवठा म्हणजे धोरण नव्हे. मुले हवीशी वाटण्यामागील सामाजिक कारणांना हात घालणे हे खरे धोरण होय. विवाहाचे वय वाढावे, स्त्रियांना घराबाहेर रोजगार व समान वेतन मिळावे, विवाह व अपत्यांना मिळणाऱ्या सवलती कमी व्हाव्यात, असे उपाय त्यांनी चर्चेस घेतले. असे बदल कोणत्याही समाजात सहज स्वीकारले जाणार नाहीत, याचीही त्यांना जाणीव होती.

भारतात या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. आणीबाणीच्या काळात १९७६–७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, परंतु त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. लोकांची इच्छा बदलणे हे काम दीर्घकाळाचे आणि खर्चाचे असते, इच्छेविरुद्ध शरीरावर नियंत्रण आणणे प्रशासनाला सोपे वाटते. साधने पुरेशी नाहीत, या डेव्हिस यांच्या मतातून सक्तीचा निष्कर्ष निघत नाही. तरीही संकटाच्या भाषेत लोकसंख्येचा विचार केला की तो निष्कर्ष किती सहज काढला जातो, हे या अनुभवाने दाखवून दिले. 'विस्फोट' या शब्दाचा वापर करताना अभ्यासकांनी हे भान ठेवणे आवश्यक आहे.

८. मर्यादा

डेव्हिस यांच्या विचाराच्या मर्यादा भारतीय अनुभवाच्या आधारे तीन प्रकारे सांगता येतील.

पहिली मर्यादा एकत्र कुटुंबाविषयीची आहे. मुलांच्या संगोपनाचा भार एकत्र कुटुंबात विभागला जात असल्याने लवकर विवाह व अधिक अपत्ये यांना उत्तेजन मिळते, असे डेव्हिस व ब्लेक यांनी मानले. एकत्र घरात पती-पत्नींना मिळणारा मोजका एकांत, माहेरी होणारी बाळंतपणे आणि वडीलधाऱ्यांचे नियंत्रण हे घटक मात्र विरुद्ध दिशेने कार्य करतात, याकडे नंतरच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले. शिवाय एकत्र कुटुंब म्हणजे काय, हाच प्रश्न वादाचा ठरला. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या ग्रंथात भारतीय आप्तव्यवस्थेतील प्रादेशिक भिन्नता दाखविली. आय. पी. देसाई यांनी महुवा येथील अभ्यासातून, तर ए. एम. शाह यांनी १९७३ सालच्या ग्रंथातून घर आणि कुटुंब यांतील भेद स्पष्ट केला. चूल वेगळी असूनही कुटुंब एक असू शकते, ही गोष्ट जनगणनेच्या तक्त्यात दिसत नाही.

दुसरी मर्यादा साधनांना दिलेल्या दुय्यम स्थानाची आहे. बांगलादेशातील मतलब येथे १९७७ पासून घरोघरी दिलेल्या सेवांमुळे, सामाजिक परिस्थितीत मोठा बदल झालेला नसतानाही, संततिनियमनाचा वापर वाढला व जननदर घटला. इच्छा असूनही साधन नसलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, हे त्यावरून सिद्ध झाले.

तिसरी मर्यादा स्त्रियांच्या रोजगाराशी संबंधित आहे. १९८४ साली डेव्हिस यांनी विवाहित स्त्रियांच्या नोकरीचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत १८९० साली विवाहित स्त्रियांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी स्त्रिया अर्थार्जन करीत. १९८० च्या सुमारास हे प्रमाण निम्म्यापर्यंत आले. या बदलाचा त्यांनी कुटुंबाच्या अस्थैर्याशी व घटत्या जननदराशी संबंध जोडला. भारतात मात्र स्त्रियांचे रोजगारातील प्रमाण कमी राहूनही जननदर घटला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२–९३ साली ३.४ असलेला एकूण जननदर २०१९–२१ साली २.० झाला. महाराष्ट्रात तो १.७ आहे. ही घट प्रामुख्याने स्त्री-नसबंदीच्या मार्गाने झाली. स्त्रियांनी लवकर विवाह केला, लवकर मुले होऊ दिली आणि मग शस्त्रक्रिया करून घेतली. कुटुंब लहान झाले, परंतु स्त्रीचे कुटुंबातील स्थान त्याच प्रमाणात बदलले नाही.

या विधानाचा सर्वांत बोलका पुरावा बालकांच्या लिंगगुणोत्तरात आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती. ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्रानेच १९८८ साली केला होता, हे लक्षात घेता ही घसरण अधिकच गंभीर वाटते. लहान कुटुंब हवे आणि त्यात मुलगा हवाच, अशा दुहेरी अपेक्षेला कुटुंबाने दिलेला हा प्रतिसाद आहे. डेव्हिस यांनी कुटुंबाचा प्रतिसाद बहुविध असतो असे सांगितले, परंतु त्या प्रतिसादाची किंमत घरातील कोणत्या व्यक्तीला मोजावी लागते, हा प्रश्न त्यांनी पुरेशा तीव्रतेने विचारला नाही. कुटुंब हे एकच एक निर्णय घेणारे एकक आहे, असे गृहीत धरल्याने घरातील सत्तेची विषमता विश्लेषणाबाहेर राहते.

९. समारोप

डेव्हिस यांची कारकीर्द आप्तसंबंधांच्या प्रबंधापासून सुरू होऊन लोकसंख्या, नागरीकरण, स्त्रियांचा रोजगार आणि अखेरीस औद्योगिक देशांतील अत्यल्प जननदर येथपर्यंत पोहोचली. या सर्व टप्प्यांवर त्यांचा मूळ प्रश्न एकच होता : समाज स्वतःची पुढची पिढी कोणत्या व्यवस्थेतून निर्माण करतो आणि ती व्यवस्था बदलली की काय घडते? त्यांची काही अनुमाने चुकली, काही गृहीतके भारतीय वास्तवाशी जुळली नाहीत. तथापि तो प्रश्न आजही तितकाच समर्पक आहे. महाराष्ट्रातील जननदर प्रतिस्थापन पातळीखाली आल्याने आता चिंतेचा विषय अधिक मुलांचा राहिलेला नाही. वृद्धांची काळजी कोण घेणार, दूरच्या शहरात वा परदेशात गेलेल्या मुलांचे आईवडिलांशी नाते कोणते राहणार, एकट्या मुलीवर दोन घरांची जबाबदारी कशी पडणार, हे नवे प्रश्न आहेत आणि तेही कुटुंबाचेच प्रश्न आहेत.

देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून, तर पुण्यातील गोखले संस्था त्याहूनही आधीपासून महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जोपासत आली आहे. वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मर्त्यता यांविषयी केलेली पाहणी १९५३ साली, म्हणजे डेव्हिस यांच्या ग्रंथानंतर अवघ्या दोन वर्षांनी प्रसिद्ध झाली. जनगणनेच्या तक्त्यांतून जे दिसत नाही, ते घरोघरी जाऊन विचारावे लागते, याची जाणीव त्या पाहणीमागे होती. २०११ नंतरची जनगणना ठरलेल्या वेळी होऊ शकली नाही, अशा परिस्थितीत लहान क्षेत्रातील काळजीपूर्वक पाहण्यांचे मोल अधिकच वाढते. महाविद्यालयांच्या परिसरातील गावे, वाड्या आणि उपनगरे ही अशा अभ्यासासाठी सहज उपलब्ध असलेली क्षेत्रे आहेत. डेव्हिस यांच्या सिद्धान्तांची खरी परीक्षा तेथेच घेता येईल.